गालावरचा निळसर डाग: आधी डोळा, मग लेझर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी ११ वर्षांची आहे. डाव्या गालावर आणि खालच्या पापणीखाली निळसर-राखाडी छटा जन्मापासून होती, ती गेल्या वर्षभरात गडद झाली. त्याच बाजूच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातही निळसर ठिपका दिसतो. पार्लरमधल्या बाईंनी वांग म्हणून सांगितलं, मेडिकलमधून एक ट्यूब आणून दोन महिने लावली, फरक पडला नाही. आता पुण्यातच एका ठिकाणी सहा सिटिंगचं लेझर पॅकेज सांगितलं आहे. आजी म्हणतात, ग्रहणाचं लासं आहे, ते जायचं नाही. तर हे नक्की काय आहे, लेझर करावं का, आणि डोळ्याला धोका आहे का?

आधी दोन कामं सांगते, बाकीचं सावकाश वाचा. ट्यूब लावणं थांबवा, पण तिचा खोका फेकू नका. त्यावर बारीक अक्षरांत छापलेले घटक डॉक्टरांना वाचायचे आहेत. दुसरं, पॅकेजचा एकही रुपया भरण्याआधी मुलीचा डोळा नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. गालाला थांबायला वेळ आहे, डोळ्याला नाही.

प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान पक्कं करता येत नाही. पण एकच बाजू, निळसर-राखाडी रंग, पापणी आणि गाल, सोबत डोळ्याच्या पांढऱ्यात ठिपका आणि वयात येताना गडद होणं, हे वर्णन 'नीव्हस ऑफ ओटा' या जन्मखुणेशी तंतोतंत जुळतं. मासाओ ओटा या जपानी त्वचारोगतज्ज्ञाने १९३९ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. जपान, चीन, कोरिया या भागांत ती बरीच दिसते. आपल्याकडे तुलनेनं कमी, पण इतकीही दुर्मिळ नाही की त्वचारोगतज्ज्ञाने कधी पाहिलेलीच नसेल. मुलींमध्ये प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. साधारण निम्म्याहून अधिक जणांत ती जन्मतः किंवा पहिल्या वर्षात दिसते, उरलेल्यांत वयात येताना. तुमच्या मुलीसारखी आधी फिकट असून नंतर गडद होणारी मुलंही पुष्कळ.

चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नावाची नस आहे, तिला तीन फांद्या असतात. पहिली कपाळ आणि वरची पापणी सांभाळते, दुसरी खालची पापणी, गाल, नाकाची बाजू आणि वरचा ओठ. ओटाचा डाग जवळजवळ नेहमी या पहिल्या दोन फांद्यांच्या हद्दीत राहतो. जबड्याच्या खाली उतरणारा किंवा मानेवर पसरणारा डाग असेल तर डॉक्टर दुसरा विचार करतात. तोंड उघडून टाळू पाहिला तर काहींना तिथेही निळसर पट्टा असतो, नाकात आणि कानाच्या पडद्यावरही असू शकतो. खांद्यावर असाच डाग असेल तर त्याला 'नीव्हस ऑफ इटो' म्हणतात. बाळांच्या कमरेवर दिसणारा निळा डाग, ज्याला मंगोलियन स्पॉट म्हणतात, तो याच कुळातला. फरक इतकाच की कमरेवरचा बहुतेक वेळा शाळेत जाण्याच्या वयापर्यंत विरतो. ओटाचा आपोआप जात नाही. 'मोठी झाली की जाईल' असं कोणी सांगितलं असेल तर ते मंगोलियन स्पॉटबद्दल खरं, याबद्दल नाही.

रंग निळा का, हे समजलं की पुढचं सगळं समजतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून प्रवास करत त्वचेच्या वरच्या थरात, एपिडर्मिसमध्ये येऊन बसतात. या मुलांमध्ये त्यातल्या काही पेशी वाटेतच, खालच्या थरात, डर्मिसमध्ये राहून जातात. त्या तिथेही रंगद्रव्य बनवतच राहतात. रंगद्रव्य तपकिरी-काळंच असतं, पण खोल असल्यामुळे आपल्याला निळं दिसतं. स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाहा: शिरेतलं रक्त लालच, तरी वरून शीर निळी-हिरवी दिसते. तोच खेळ इथे आहे. म्हणूनच थकवा, जागरण, पाळीचे दिवस, कडक ऊन किंवा थंडी यांत हा डाग कधी गडद, कधी फिकट भासतो. आई-वडील दर वेळी घाबरतात. एका दिवसाच्या रंगावरून काही ठरवू नका.

आता वांगाबद्दल. वांग म्हणजे मेलाझ्मा. ते तपकिरी असतं, दोन्ही गालांवर सारखं येतं, बहुधा विशीनंतर, गरोदरपणात किंवा उन्हानं. ११ वर्षांच्या मुलीच्या एकाच गालावर निळसर वांग येत नाही. तिशीतल्या बायकांच्या दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर, कानशिलावर आणि नाकपुड्यांवर राखाडी-तपकिरी ठिपक्यांचा झुबका येतो त्याला होरीचा नीव्हस म्हणतात. जपानमधूनच १९८४ मध्ये त्याचं वर्णन झालं. तो डोळ्याच्या पांढऱ्यात किंवा टाळूवर नसतो. वांग समजून वर्षानुवर्षं मलमं लावली जातात ती बहुधा या होरीवर. आपल्याकडे आणखी एक फसवा प्रकार आहे, लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस: कपाळ-कानशिलापासून सुरू होऊन मानेकडे उतरणारा पाटीसारखा राखाडी रंग, मोठ्या वयात. त्यात काळी मेंदी, केसांचा डाय, वासाची तेलं यांची चौकशी करावीच लागते.

तपासणीला फार यंत्रं लागत नाहीत. डॉक्टर खिडकीजवळच्या उजेडात पाहतात, काचेची पट्टी डागावर दाबतात. रक्तवाहिन्यांचा डाग दाबल्यावर फिका पडतो, रंगद्रव्याचा तसाच राहतो. वूड्स लॅम्प या जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली वरच्या थरातला रंग उठून दिसतो, खोल रंग दिसत नाही. डर्मोस्कोपमध्ये, म्हणजे त्वचेवर ठेवायच्या भिंगात, रंगाची जाळी न दिसता एकसंध निळा-राखाडी पसारा दिसतो. मुलांच्या गालावर बायोप्सीची, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासण्याची, गरज सहसा पडत नाही. डागात गाठ आली, कडा अचानक बदलल्या किंवा निदानच शंकास्पद असलं तर ३ मिलिमीटरचा गोल तुकडा, म्हणजे पंच, घेतात आणि तो घ्यावाच.

डोळ्याकडे येते. गालावर अडकलेल्या पेशी डोळ्याच्या पांढऱ्या आवरणातही अडकतात. ओटाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये असं होतं. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण दोन शक्यता आहेत आणि दोन्ही सुरुवातीला दुखत नाहीत. पहिली काचबिंदूची. डोळ्यातलं पाणी ज्या चाळणीसारख्या भागातून बाहेर जातं तिथे या पेशी साचल्या की डोळ्याचा दाब वाढू शकतो. सुमारे १० टक्के रुग्णांमध्ये दाब वाढलेला आढळतो. दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असावा. तो वाढून नजरेचा मज्जातंतू झिजला तर गेलेली नजर परत येत नाही. दुसरी शक्यता डोळ्याच्या आतल्या थरातल्या मेलॅनोमाची, म्हणजे कर्करोगाची. गोऱ्या वंशाच्या लोकांत डोळ्यात असा रंग असणाऱ्या साधारण ४०० पैकी एकाला आयुष्यात तो होतो असा अंदाज आहे. आपल्यासारख्या वर्णात तो त्याहून खूप विरळ. घाबरून झोप उडवण्यासाठी हे सांगत नाही. वर्षातून एकदा डोळे दाखवायला एवढं कारण पुरेसं आहे, म्हणून सांगते.

नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर 'नंबर तपासा' एवढंच म्हणू नका. 'नीव्हस ऑफ ओटाची शंका आहे, दाब आणि पडदा पाहायचा आहे' असं स्पष्ट सांगा. डोळ्याचा दाब मोजणं, स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर पाणी बाहेर जाण्याचा कोन पाहणं आणि बाहुली मोठी करून पडदा व मज्जातंतू तपासणं, ही तीन कामं व्हायला हवीत. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, मुलीला स्कूटरवर पुढे उभं करून नेऊ नका आणि टोपी-गॉगल सोबत ठेवा. दोन्ही डोळ्यांचे आकडे कागदावर लिहून घ्या, पुढच्या वर्षी तुलनेला लागतात. खर्चाची अडचण असेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या आवारात त्वचारोग आणि नेत्र असे दोन्ही विभाग आहेत. तिथे केस पेपर काढून निदान आणि डोळ्याची तपासणी होऊ शकते.

ट्यूबबद्दल मी इतकं आग्रहानं का म्हणते? मेडिकलवर 'डागांची ट्यूब' म्हणून जे मिळतं त्यात बहुधा तीन गोष्टी एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोनसारखं स्टिरॉइड. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती सर्रास हातात पडतात. हायड्रोक्विनोन वरच्या थरातल्या पेशींचं काम मंदावतं. खालच्या थरातल्या पेशींपर्यंत ते पोचतच नाही, त्यामुळे ओटाच्या डागावर त्याचा उपयोग शून्य. उलट वर्षानुवर्षं लावलं तर ऑक्रोनोसिस नावाचा निळा-काळा डाग त्या मलमानेच पडू शकतो. स्टिरॉइडने गालाची कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते. आणि पापणीजवळ लावलेलं स्टिरॉइड डोळ्यात झिरपून डोळ्याचा दाब वाढवू शकतं. ज्या मुलीला मुळातच काचबिंदूची शक्यता सरासरीपेक्षा जास्त, तिच्याच पापणीखाली हे मलम जातं. म्हणून खोका नेत्रतज्ज्ञांनाही दाखवा. ट्यूब थांबवल्यावर आठवडाभरात गाल लाल झाला, खाज सुटली, पुरळ आलं तर ते स्टिरॉइड सुटल्याचं लक्षण असतं. पुन्हा तीच ट्यूब लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

लिंबू, बेसन, बटाट्याचा रस, केमिकल पील, ब्लीच यांपैकी काहीच त्या थरापर्यंत जात नाही. पूर्वी कातडी घासून काढणं किंवा गोठवणं असे उपाय करत, त्यांतून व्रण राहत. आज त्यांची गरज नाही.

उपाय आहे तो लेझर, पण एका विशिष्ट जातीचा. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी तत्त्व मांडलं: प्रकाशाचा झटका इतका छोटा असावा की रंगाचा कण तापून फुटेल, पण त्याची उष्णता शेजारच्या पेशीपर्यंत पोचायला वेळच मिळणार नाही. क्यू-स्विच्ड लेझर तेच करतं. त्याचा झटका काही नॅनोसेकंदांचा असतो, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. फुटलेले कण शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू उचलून नेतात. ही उचल दिवसांत होत नाही, महिन्यांत होते. डाग जातो तो दोन सिटिंगच्या मधल्या काळात.

आपल्या सावळ्या त्वचेसाठी क्यू-स्विच्ड एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, हा सर्वांत सुरक्षित पर्याय. हा प्रकाश खोल जातो आणि वरच्या थरातल्या नैसर्गिक रंगाला कमी पकडतो. ६९४ चा रुबी आणि ७५५ चा अलेक्झांड्राइट हेही ओटावर चांगलं काम करतात, पण गडद त्वचेवर पांढरे-काळे डाग पडण्याचा धोका त्यांत जास्त. पिकोसेकंद लेझरचा झटका आणखी छोटा. त्यात काहींना कमी सिटिंग पुरतात, खर्च मात्र वाढतो. परवडत नसेल तर हळहळू नका, जुना क्यू-स्विच्ड जाणत्या हातात उत्तम काम करतो.

इथे एक गल्लत होते आणि तिची किंमत मुलीचा गाल मोजतो. केस काढायच्या मशीनपैकी काहींवरही '१०६४ एनडी-याग' असंच लिहिलेलं असतं. पण त्यांचा झटका मिलिसेकंदांचा, म्हणजे सुमारे दहा लाख पट लांब. तो कण फोडत नाही, आजूबाजूची कातडी भाजतो. आयपीएल, म्हणजे लेझर नसलेल्या झगझगीत प्रकाशाच्या मशीनचंही तेच. म्हणून पॅकेज सांगणाऱ्यांना सरळ विचारा: मशीन क्यू-स्विच्ड किंवा पिको आहे का, झटका नॅनोसेकंदाचा की मिलिसेकंदाचा, लेझर प्रत्यक्ष कोण मारणार, त्वचारोगतज्ज्ञ की टेक्निशियन? पापणीवर करताना डोळ्यात धातूची ढाल घालता का? डोळ्यांच्या तपासणीचा कागद मागितला का? शेवटच्या दोन प्रश्नांवर समोरचा गडबडला तर चहाही न घेता उठा.

सुरुवात टेस्ट पॅचने करावी: कानासमोरचा डागाचा एखादा सेंटिमीटर भाग. मग ६ ते ८ आठवडे थांबून पाहायचं. काळं पडलं का, पांढरं पडलं का, व्रण आला का? ही पायरी गाळणाऱ्याला घाई आहे, आणि घाईचा फायदा तुमच्या मुलीला नाही.

सिटिंगच्या दिवशी काय घडतं ते आधीच मुलीला सांगून ठेवा. चेहरा स्वच्छ धुवायचा, पावडर-काजळ काही नको. गालावर लिडोकेन-प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेलं बधिर करणारं क्रीम जाडसर थरात लावून वर प्लास्टिकची फिल्म घालतात, ६० मिनिटं ठेवतात. १० चौरस सेंटिमीटरला १ ते २ ग्रॅम या हिशेबानं छोट्या गालाला साधारण ५ ग्रॅमची एक ट्यूब पुरते. हे क्रीम डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, म्हणून पापणीवर पालकांनी घरी लावून आणू नये. पापणी आणि गालाचा वरचा भाग बधिर करायला डॉक्टर लिडोकेनचं इंजेक्शन देऊन नसच बधिर करू शकतात. अगदी लहान मुलांना पूर्ण भूल लागते, ११ वर्षांच्या समजूतदार मुलीला सहसा नाही.

डाग डोळ्याच्या खोबणीच्या आत येत असेल तर बाहेरचा गॉगल पुरत नाही. डोळा बधिर करणारे प्रोपॅराकेनचे थेंब घालून, मलम लावून, पापणीच्या आत धातूची ढाल बसवतात. ती मोठ्या काँटॅक्ट लेन्ससारखी असते. पाहून मुली दचकतात, पण थेंबांनंतर थंड स्पर्शापलीकडे फारसं जाणवत नाही. प्लास्टिकची ढाल चालत नाही, ती वितळू शकते. १०६४ चा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि थेट पडद्यापर्यंत जातो. पडदा जळला तरी दुखत नाही, म्हणून ही खबरदारी. खोलीत थांबणाऱ्या आईलाही त्याच तरंगलांबीचा गॉगल हवा. दुसऱ्या लेझरचा चालत नाही.

लेझरचा स्पर्श रबर बँड फटकन बसल्यासारखा असतो, शेजारी 'टक् टक्' असा आवाज. ३ ते ४ मिलिमीटरचा ठिपका, चौरस सेंटिमीटरला साधारण ५ ते ८ ज्यूल ऊर्जा, हा नेहमीचा पल्ला. पहिल्या वेळी कमी मात्रेपासून सुरुवात करतात. योग्य मात्रेची खूण म्हणजे त्या जागी लगेच उठणारी राखेसारखी पांढुरकी छटा. रक्त उडालं किंवा कातडी फाटली तर मात्रा जास्त झाली. काहीच उमटलं नाही तर नुसता उजेड पडला. पूर्ण गाल १० ते १५ मिनिटांत होतो.

घरी आल्यावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं ठेवा, तासाभरानं परत. दुसऱ्या दिवशी सकाळी पापणी टचटचीत सुजलेली दिसेल. दोन-तीन दिवसांत उतरते, झोपताना उशी उंच ठेवा. तांबडे बारीक ठिपके आणि मग पातळ खपल्या येतात, ५ ते १० दिवसांत गळतात. रोज साध्या पाण्यानं धुऊन व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम पातळ लावा. खपली नखानं काढली तर तिथे व्रण राहतो, लेझरमुळे नव्हे, नखामुळे. पू, वाढतं दुखणं किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. डोळ्यात टोचणं, पाणी, धूसर दिसणं असेल तर रात्र जाऊ देऊ नका. ज्यांना ओठावर वारंवार ताप फुटतो, म्हणजे हर्पीस येतो, त्यांनी आधी सांगावं, गोळ्या सुरू करून मग लेझर करतात.

खपल्या गेल्या की सनस्क्रीन, एसपीएफ ३० ते ५०, यूव्हीए संरक्षण असलेलं. मात्रा दोन बोटांच्या लांबीची, चेहरा आणि मानेला मिळून. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी परत. किंचित मातकट रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं मिळालं तर जास्त चांगलं, कारण साधा दिसणारा प्रकाशही गडद त्वचेला काळवंडवतो. पुण्यात दुचाकीवर स्कार्फ बांधायची सवय आहे, ती चांगली आहे. फक्त पहिले दोन आठवडे मऊ सुती आणि सैल बांधा. करकचून आवळलेला सिंथेटिक स्कार्फ गालावर घासून खपल्या काढतो.

काय बिघडू शकतं? सर्वांत नेहमीचं म्हणजे तीन-चार आठवड्यांनी लेझर केलेली जागा तपकिरी होणं. पालकांना वाटतं डाग परत आला. तो परत आलेला नसतो. वरच्या थरानं सूज पाहून टाकलेला तो रंग असतो, दोन ते चार महिन्यांत उतरतो. त्यावर घाईनं पुन्हा लेझर मारलं तर दुष्टचक्र सुरू होतं. दुसरं, पांढरे ठिपके. 'लेझर टोनिंग' नावानं दर आठवड्या-पंधरवड्याला कमी मात्रेचे झटके देतात. ते ओटासाठी नव्हेत. त्यातून तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके पडू शकतात आणि ते घालवणं मूळ डागाहून अवघड. तुम्हाला सांगितलेलं सहा सिटिंगचं पॅकेजही असं भराभर उरकणारं असेल तर नकोच. घरात कोणा मोठ्याला हा उपाय करायचा असेल तर दोन गोष्टी आठवून सांगाव्यात: भुवयांचा कायमस्वरूपी मेकअप किंवा टॅटू असेल तर त्यातला लोहाचा रंग लेझरनं क्षणात काळा होऊ शकतो. आणि सांधेदुखीसाठी सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं कधी घेतली असतील तर लेझर झालेली जागाच निळी पडू शकते.

आपल्या त्वचेला साधारण ५ ते १० सिटिंग लागतात, प्रत्येकात किमान दोन महिन्यांचं, शक्यतो तीन महिन्यांचं अंतर. म्हणजे दीड-दोन वर्षं धरून चाला. लहान वयात सुरू केलं तर सिटिंग कमी लागतात, कारण कातडी पातळ आणि डाग लहान. ११ हे वय त्या दृष्टीनं चांगलं. वेळापत्रक असं जमतं: पावसाळ्याच्या शेवटी टेस्ट पॅच, दिवाळीच्या सुट्टीत पहिलं सिटिंग, म्हणजे खपल्यांचे दिवस घरीच जातात. पुढचं जानेवारी-फेब्रुवारीत, रंगपंचमीच्या किमान तीन आठवडे आधी. उन्हाळ्याची सुट्टी सोयीची वाटते, पण पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन आणि सिंहगड, कोकण अशा सहली यांत रापलेल्या गालावर लेझर म्हणजे भाजण्याला आमंत्रण. रापलेली त्वचा निवळायला सहा आठवडे द्या आणि जुलैत पुढचं घ्या. पैसे प्रत्येक सिटिंगचे त्या त्या वेळी द्या, म्हणजे मधे थांबायचं किंवा डॉक्टर बदलायचे तर हात मोकळे राहतात.

निकालाबद्दल खरं सांगायचं तर बहुतेकांचा गाल इतका फिका होतो की अनोळखी माणसाच्या लक्षात येत नाही. पापणीचा भाग सगळ्यात हट्टी, तिथे हलकी छटा उरू शकते. पूर्ण गेलेला डाग काही वर्षांनी, विशेषतः वयात येताना किंवा गरोदरपणात, क्वचित परत डोकावतो. तेव्हा एक-दोन सिटिंग पुरतात. डोळ्याच्या पांढऱ्यातला ठिपका मात्र या लेझरनं जात नाही आणि तो घालवण्याच्या भरीस पडूही नका. तो फक्त दर वर्षी पाहायचा. आणि गाल साफ झाला म्हणून डोळ्याची तपासणी बंद करायची नाही. ती आयुष्यभराची आहे.

मधल्या काळात शाळेच्या स्नेहसंमेलनाला किंवा लग्नकार्याला मुलीला डाग झाकायचा असेल तर नुसतं फाउंडेशन चोपडू नका, गाल राखेसारखा दिसतो. निळ्यावर नारिंगी रंग उतारा असतो. आधी सनस्क्रीन, दहा मिनिटांनी पीच किंवा नारिंगी करेक्टर अनामिकेनं थापटत अगदी पातळ, मग जबड्याच्या रंगाशी जुळणारं फाउंडेशन, वर पावडर. रात्री झोपण्याआधी घासाघीस न करता काढा. पण तिनं मागितलं तरच. लेझरचंही तसंच. तिला विचारा, तिच्यासमोर बोला, तिनं 'आत्ता नको' म्हटलं तर वर्षभर थांबलात तरी काही बिघडत नाही. डोळ्याची तपासणी तेवढी तिच्या मर्जीवर सोडू नका.

आजींना सांगा, ग्रहणाचा यात काही हात नाही. गर्भाची वाढ होताना एखाद्या रंगपेशीत बदल होतो आणि तिची पिल्लं तिथेच राहतात. आईनं ग्रहणात काय चिरलं, काय खाल्लं, कुठे हात लावला याचा संबंध नाही. हे आईनं मनात धरून बसू नये, आणि कोणी तिला बोल लावू नये. घराण्यात सहसा चालत नाही, त्यामुळे धाकट्या भावंडाची काळजी नको. शाळेत नव्या शिक्षकांना तो मार लागल्याचा डाग वाटू शकतो. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घेऊन वर्गशिक्षिकेकडे देऊन ठेवा, म्हणजे मुलीला रोज उत्तर द्यावं लागणार नाही.

पहिल्या भेटीला जाताना बाळपणापासूनचे चार-पाच फोटो निवडून न्या, डाग कधी कसा वाढला ते त्यांत दिसतं. शिवाय आजच एक संच काढा: उत्तरेकडच्या किंवा ऊन न येणाऱ्या खिडकीशी, सकाळी दहाच्या सुमारास, मोबाइलचा ब्यूटी फिल्टर बंद करून, हनुवटीखाली कोरा पांढरा कागद धरून. समोरून, दोन्ही बाजूंनी तिरका, वर पाहताना डोळा, खाली पाहताना डोळा, आणि तोंड उघडून टाळू. दर सिटिंगआधी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून परत काढा. डाग इतका सावकाश फिका होतो की रोज पाहणाऱ्या आईला तो कळत नाही. चौथ्या सिटिंगला 'काहीच फरक नाही' म्हणून सोडून द्यावंसं वाटेल, तेव्हा हे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा.